पगाराची फाइल: ठाकुर्ली ते दुबई, शेवटचे ५५ तास

कंपनीचं नाव सांगणार नाही. कारखाना डोंबिवली एमआयडीसीत, ऑफिस ठाकुर्ली पूर्वेला नव्वद फुटी रस्त्यालगत, एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर. काम पाइपलाइन आणि टाक्यांना इन्स्युलेशन करण्याचं. २०२३ मध्ये त्यांनी दुबईत एलएलसी काढली. मी त्यांच्या इथल्या पगाराचं आणि पीएफचं बघणारा बाहेरचा माणूस. दुबईच्या कामाशी माझा संबंध आला तो १४ ऑगस्टच्या संध्याकाळी. ओळख पटू नये म्हणून रकमा आणि माणसांची संख्या थोडी हलवली आहे. नियम आणि कॅलेंडर मात्र जसंच्या तसं. वेळा सगळ्या इथल्या. दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असतं, आणि या दीड तासावर त्या दोन दिवसांत जितकी भिस्त ठेवली गेली तितकी क्वचितच कुणी ठेवली असेल.

सोमवार, १४ ऑगस्ट २०२३, संध्याकाळी ६:३०. शिल्लक ५५ तास.

अकाउंट्सच्या मॅडमचा फोन. "सर, जरा येऊन जाता का? साहेब चिडलेत आणि मला काही समजत नाहीये."

दुबईच्या पीआरओचा व्हॉट्सॲप आला होता. पीआरओ म्हणजे तिकडे सरकारी कागदपत्रांची धावपळ करणारा माणूस; आपल्याकडे आरटीओबाहेर असतो तसा, पण तिथे त्याच्यावाचून पान हलत नाही. निरोप छोटा होता: जुलैचा पगार डब्ल्यूपीएसमध्ये दिसत नाही, सतरा तारीख उजाडली की नवे वर्क परमिट बंद.

साहेबांचं म्हणणं एका वाक्यात होतं. "पगार तर आपण सात तारखेलाच दिला!"

दिला होता, हे खरं. चौतीस माणसं जूनमध्ये तिकडे गेली. बहुतेक कल्याण-डोंबिवली, टिटवाळा, बदलापूर इकडचीच. घर इथे, हप्ते इथे, मुलांच्या फिया इथे. तेव्हा साहेबांनी सोयीचा मार्ग काढला: जेवणाखाणाला थोडे दिर्हाम तिकडे रोख, बाकीचा पगार इथल्या बचत खात्यात रुपयांत. जूनचे मोडके दिवस असेच भागवले, कुणाची तक्रार आली नाही. उलट घरच्यांनी पेढे दिले म्हणे.

डब्ल्यूपीएस म्हणजे वेज प्रोटेक्शन सिस्टिम. संयुक्त अरब अमिरातीने ती २००९ मध्ये सुरू केली, बांधकामावरच्या मजुरांचे पगार महिनोन्‌महिने थकत होते म्हणून. मालकाने बँकेत पैसे ठेवायचे आणि सोबत एक फाइल द्यायची. ती फाइल बँकेकडून तिथल्या मध्यवर्ती बँकेच्या यंत्रणेत जाते, आणि कामगार मंत्रालय नोंदलेल्या करारातला पगार आणि प्रत्यक्ष जमा झालेला पगार ताडून बघतं. या रस्त्याने गेलेला पगार तेवढा पगार. बाकी तुम्ही सोन्याच्या मोहरा वाटल्या तरी यंत्रणेच्या लेखी चौतीस माणसं उपाशी.

आपल्याकडे तेव्हा वेतन प्रदान अधिनियम १९३६ चा लागू होता. हजारापेक्षा कमी कामगार असतील तर सात तारखेपर्यंत पगार, जास्त असतील तर दहा. साहेब चोख माणूस, पंचवीस वर्षांत सात तारीख चुकवलेली नाही. चुकली असती तरी एखादा निरीक्षक आला असता, चहा झाला असता, नोटीस आली असती, उत्तर गेलं असतं. तिथे निरीक्षकाआधी संगणक येतो. तेव्हाच्या नियमाने पगार महिना संपल्यावर पहिल्या तारखेला देय. पंधरा दिवसांत गेला नाही तर थकला. सतराव्या दिवशी आस्थापनेचे नवे परवाने आपोआप बंद.

"एक ऑगस्ट हा पहिला दिवस धरायचा की दुसऱ्या तारखेपासून मोजायचं?" मॅडमनी विचारलं. प्रश्न रास्त होता. पीआरओचं उत्तर त्याहून शहाणपणाचं: मोजत बसू नका, सोळाच्या मध्यरात्रीआधी फाइल पार करा.

दुबईची मध्यरात्र म्हणजे आपली गुरुवारची पहाट, १:३०.

सोमवार, रात्री ८:००. शिल्लक ५३ तास ३० मिनिटं.

परवाने बंद झाले तर बिघडतं काय? बारा माणसं निघायच्या तयारीत होती. फिटर, क्लॅडिंगवाले, दोन सुपरवायझर. दुबईच्या मोठ्या कंत्राटदाराकडे एका प्लांटचं शटडाउन २० ऑगस्टला सुरू होणार होतं. शटडाउन म्हणजे प्लांट काही दिवस बंद ठेवून दुरुस्ती, प्रत्येक तासाचे पैसे. त्या बारा जणांची नावं १७ तारखेला गेटपाससाठी द्यायची होती, परमिट क्रमांकासकट. त्यातल्या काहींचे पासपोर्ट ईसीआर शिक्क्याचे, म्हणजे दहावीपर्यंत शिक्षण नसलेल्यांचे. त्यांना ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवरून वेगळी मंजुरी लागते. ती धावपळ झाली होती. अडलं होतं फक्त परमिट.

शटडाउनचं काम म्हणजे वर्षाची निम्मी कमाई. दुबईची कंपनी काढलीच त्यासाठी.

सोमवार, रात्री ९:१५. शिल्लक ५२ तास १५ मिनिटं.

चौतीस माणसांचा जुलैचा करारातला पगार ७१,४०० दिर्हाम. त्या वेळच्या दराने सोळा लाख रुपयांच्या आसपास. दुबईच्या खात्यात शिल्लक ९,००० दिर्हाम.

साहेब म्हणाले, "उद्या सकाळी इथून पाठवून देतो. सोळा लाख काय जड आहेत का?"

मॅडमनी भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे नुसतं बोट केलं. मंगळवार १५ ऑगस्ट, स्वातंत्र्यदिन. बुधवार १६ ऑगस्ट, पारशी नववर्ष. महाराष्ट्रात बँकांना सुट्टी. आदला शनिवार दुसरा, त्यालाही बँक बंद, मग रविवार. म्हणजे शुक्रवार ११ तारखेनंतर आणि गुरुवार १७ च्या आधी बँकेचा एकच दिवस उघडा होता, आणि तो केव्हाच संपला होता. दुबईत मात्र मंगळवार-बुधवार दोन्ही दिवस कामाचे.

त्याआधीचे सात महिने, थोडक्यात

हे सगळं ऑगस्टमध्ये बिघडलं असं ऑफिसातल्या प्रत्येकाला वाटत होतं. मी कपाटातल्या फाइली काढायला लावल्या.

जानेवारीत भांडवल पाठवलं. परदेशात कंपनी काढायला भारतीय कंपनीने पैसे पाठवायचे तर ते फेमा या परकीय चलन कायद्याखालच्या २२ ऑगस्ट २०२२ च्या नव्या ओव्हरसीज इन्व्हेस्टमेंट नियमांनुसार, बँकेमार्फत फॉर्म एफसी भरून, रिझर्व्ह बँकेचा यूआयएन क्रमांक घेऊन. ते व्यवस्थित झालं होतं. पण पैसे पाठवल्यापासून सहा महिन्यांत शेअर सर्टिफिकेट, म्हणजे गुंतवणुकीचा पुरावा, बँकेला द्यायचा असतो. तो जुलैत द्यायला हवा होता. सर्टिफिकेट दुबईत पीआरओच्या खणात, प्लास्टिकच्या पिशवीत, सुखरूप होतं. आणि त्याच नियमांत लिहिलंय की रिपोर्टिंगमधली दिरंगाई लेट फी भरून नियमित होईपर्यंत पुढचा पैसा पाठवता येत नाही.

म्हणजे बँक मंगळवारी उघडी असती आणि साहेब दहा वाजता दारात उभे असते, तरी सोळा लाख त्या दिवशी गेले नसते.

फेब्रुवारीत परवाना. जून २०२१ पासून तिथे बहुतेक धंद्यांत स्थानिक भागीदार लागत नाही, शंभर टक्के मालकी ठेवता येते. तेव्हा भागीदार घेतला नाही. पैसे वाचले. पण अडल्यावर ज्याला रात्री फोन करावा असं तिथलं कुणी उरलं नाही.

मार्चमध्ये टायपिंग सेंटरमधून कामगार मंत्रालयाच्या फाइलीत कंपनीची नोंद. अर्जावर मोबाइल आणि ईमेल कुणाचा? टायपिंग सेंटरवाल्याचा. ही तिकडची जुनी खोड आहे. तो शंभर कंपन्यांना स्वतःचाच नंबर टाकतो, म्हणजे ओटीपीसाठी गिऱ्हाइकाची वाट बघावी लागत नाही. मंत्रालयाची तिसऱ्या आणि दहाव्या दिवशीची आठवण त्याच्याच फोनवर गेली असणार. त्याने ती वाचलीही असेल.

एप्रिलमधल्या एका बैठकीचं टिपण सापडलं. मॅडमनी स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं: "दुबई पगार – नंतर बघू. तोपर्यंत इथून." खाली तीन सह्या.

मंगळवार, १५ ऑगस्ट, सकाळी ८:४५. शिल्लक ४० तास ४५ मिनिटं.

कारखान्यात झेंडावंदन. साहेब तिथे. मी आणि मॅडम ऑफिसात, जिलेबीचा पुडा आणि लॅपटॉप.

दुबई ७:१५ ला. कंत्राटदाराचं अकाउंट्स ऑफिस आणखी पाऊण तासाने उघडणार. जूनच्या कामाचं ८२,००० दिर्हामचं बिल मंजूर होऊन पडलं होतं, मुदत नव्वद दिवसांची. ते लवकर सुटलं तर पगार निघतो, आणि पैसे दुबईतूनच दुबईत जाणार, फेमाचा प्रश्नच नाही. मॅडमनी हे मला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, मग आत्ताच मेल लिहू. मेल लिहून तयार झाला. पाठवायला साहेबांची परवानगी हवी.

मंगळवार, दुपारी १२:१०. शिल्लक ३७ तास २० मिनिटं.

परवानगी मिळाली नाही. साहेब आले ते वेगळाच हिशेब घेऊन.

"म्हणजे मी पगार दोनदा द्यायचा? इथे सात तारखेला दिलेलं काय पाण्यात गेलं?"

यावर वाद घालायला तोंड उघडायची सोय नव्हती, कारण माणूस चुकीचं बोलत नव्हता. आठ-नऊ लाख रुपये खरंच गेले होते, खऱ्या माणसांच्या खऱ्या खात्यांत. पण दुबईच्या करारात लिहिलेली रक्कम पूर्ण तिकडून गेली पाहिजे. इथे दिलेलं फार तर आगाऊ रक्कम म्हणून पुढे वळतं करता येईल, तेही एकदम नाही: तिथल्या २०२१ च्या कामगार कायद्यात उचल कापायला कामगाराची लेखी संमती लागते आणि महिन्याला किती कापायचं याला मर्यादा आहे. चौतीस संमतीपत्रं. त्यातल्या काहींना मराठी वाचता येतं, काहींना हिंदी, अरबी कुणालाच नाही.

शिवाय ठाकुर्लीच्या कंपनीने रुपयांत पगार देत राहायचं तर तो भारतात मिळालेला पगार. एखादा माणूस वर्षातले १८२ पेक्षा कमी दिवस इथे राहून अनिवासी झाला तरी इथे हातात पडलेल्या पगारावर प्राप्तिकर खात्याचा डोळा राहतो. तिथे वैयक्तिक प्राप्तिकर नाही म्हणून लोक जातात, आणि आपण सोय म्हणून तो फायदा इथल्या खात्यात ओतून टाकतो. हे साहेबांना मी कागदावर मांडून दाखवलं. त्यांनी कागद उलटा करून ठेवला.

मंगळवार, दुपारी ४:००. शिल्लक ३३ तास ३० मिनिटं.

साहेबांच्या मेहुण्यांनी फोनवरून सुचवलं: शारजाहचा एक ओळखीचा आहे, इथे रोख द्यायची, तिथे तासाभरात दिर्हाम. हवाला हा शब्द कुणी उच्चारला नाही. मी म्हटलं, हे करणार असाल तर मी निघतो. मॅडमनीही पर्स उचलली. त्या पर्स उचलण्यामुळे विषय संपला असं माझं मत आहे. माझ्या बोलण्याने नव्हे.

मंगळवार, संध्याकाळी ५:४५. शिल्लक ३१ तास ४५ मिनिटं.

सकाळचा मेल शेवटी गेला. नऊ तास उशिरा. दुबईत सव्वाचार. कंत्राटदाराच्या अकाउंट्स मॅनेजरने पंधरा मिनिटांत उत्तर दिलं, आणि सभ्यपणे: उद्या सकाळी डायरेक्टरची सही घेतो, दुपारपर्यंत ट्रान्सफर होईल. सकाळीच कळवलं असतं तर आज झालं असतं.

ते शेवटचं वाक्य साहेबांनी दोनदा वाचलं.

मंगळवार, रात्री ११:००. शिल्लक २६ तास ३० मिनिटं.

मॅडम घरी गेल्या. साहेब गॅलरीत. खाली नव्वद फुटीवर सुट्टीची गर्दी ओसरत होती, रुळांवरून कसाऱ्याकडे जाणारी लोकल धडधडत गेली.

ही लाइन टाकली गेली तेव्हाही पगाराचंच असं झालं होतं, आणि तेही परदेशात धंदा वाढवणाऱ्या कंत्राटदाराचंच. मुंबई-ठाणे हा १८५३ चा पहिला तुकडा बांधणारा विल्यम फॅव्हिएल हा इंग्रज. पुढच्या वर्षी १ मे रोजी गाडी कल्याणला पोचली. १८५६ मध्ये त्याने बोरघाटाचं काम सुरू केलं. हजारो मजूर, पण त्यांचा पगार तो स्वतः देत नसे. पैसे उपकंत्राटदाराला, त्याच्याकडून मुकादमाला, मुकादमाकडून जे उरेल ते मजुराला. जानेवारी १८५९ मध्ये मजुरी थकली म्हणून मजूर देखरेख करणाऱ्या गोऱ्यांवर चालून गेले, दंगल झाली. मार्चमध्ये फॅव्हिएलने कंत्राट सोडलं. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल हिंदुस्थानात उतरला आणि काही आठवड्यांत आजाराने गेला; मग त्याच्या बायकोने, ॲलिसने, कंत्राट हाती ठेवून इंजिनियरांकरवी काम तडीस नेलं, आणि १८६३ मध्ये घाट सुरू झाला. सरकारने १८६० साली रेल्वेसारख्या कामांवरचे मजुरीचे तंटे झटपट निकाली काढायला कायदा केला. त्यात करार मोडणाऱ्या मजुरालाही शिक्षेची सोय होती.

साहेबांना हे सांगितलं. ते म्हणाले, "त्याला निदान ओटीपी लागत नव्हता."

ओटीपीचा विषय तेव्हा गमतीत निघाला होता.

बुधवार, १६ ऑगस्ट, सकाळी १०:००. शिल्लक १५ तास ३० मिनिटं.

दुबईत साडेआठ. पीआरओने दोन गोष्टी कळवल्या. एक, त्यांच्या बँकेत पगाराची फाइल दुपारी दोनपर्यंत चढवली तरच त्याच दिवशी पुढे जाते. आपल्या घड्याळात साडेतीन. म्हणजे पहाटे दीडची मुदत ही कागदावरची. खरी मुदत दुपारची, आणि आपण ज्या दीड तासाच्या जोरावर बोलत होतो तो केव्हाच वजा झाला होता.

दुसरं, चौतीसपैकी सहा जणांचं बँक खातं नाही, कारण त्यांची एमिरेट्स आयडी उशिरा छापून आली. त्यांना एक्सचेंज हाऊसच्या सॅलरी कार्डवर पगार द्यावा लागेल. कार्ड तयार आहेत, आणायला माणूस हवा. साइटवरचा एक सुपरवायझर टॅक्सी करून गेला. हे एक काम त्या दोन दिवसांत ठरल्या वेळी झालं.

बुधवार, दुपारी २:००. शिल्लक ११ तास ३० मिनिटं.

दुबईत साडेबारा. १५ जून ते १५ सप्टेंबर उघड्यावरची कामं साडेबारा ते तीन बंद ठेवण्याचा तिथे नियम आहे, उन्हामुळे. त्यामुळे चौतीस माणसं एकदम सावलीत, एकदम मोबाइलवर. पगार थकल्याची कुणकुण लागलेली होतीच. ऑफिसचा लँडलाइन वाजायला लागला तो थांबेना. तिकडून नव्हे, इथूनच. कोणाची बायको, कोणाचे वडील, एकीचा आवाज रडवेला. "साहेबांना सांगा, ह्यांना तिथे म्हणतायत पगार झाला नाही, मग इथे आला तो कसला?"

मॅडमनी प्रत्येकाला तेच उत्तर दिलं, न चिडता. एका आजोबांनी मात्र त्यांना गप्प केलं. "ताई, मला फक्त एवढं सांगा, आलेले पैसे खर्च करू की ठेवू?"

बुधवार, दुपारी ३:३०. शिल्लक १० तास.

बँकेची वेळ संपली. पैसे आले नव्हते. डायरेक्टर मीटिंगमध्ये होते.

बुधवार, दुपारी ४:१०. शिल्लक ९ तास २० मिनिटं.

८२,००० दिर्हाम जमा. ऑफिसात टाळ्या पडल्या, शिपायाने चहा आणला. पीआरओने बँकेत ओळखीच्या माणसाकडे शब्द टाकला होता: पाचपर्यंत, म्हणजे आपल्या साडेसहापर्यंत, फाइल निर्दोष आली तर हाताने पुढे ढकलून बघतो. खात्री नाही.

निर्दोष हा शब्द महत्त्वाचा.

बुधवार, संध्याकाळी ४:५०. शिल्लक ८ तास ४० मिनिटं.

फाइल फेटाळली गेली. चौतीसच्या चौतीस ओळी.

या फाइलला एसआयएफ म्हणतात, सॅलरी इन्फर्मेशन फाइल. दिसायला साधी, स्वल्पविरामांनी तोडलेली. प्रत्येक माणसाची एक ओळ: त्याचा चौदा आकडी कामगार क्रमांक, त्याच्या बँकेचा नऊ आकडी क्रमांक, तेवीस अक्षरांचा आयबॅन खाते क्रमांक, पगाराच्या मुदतीची पहिली आणि शेवटची तारीख, दिवस, स्थिर पगार, बदलता पगार, बिनपगारी रजा. सगळ्यात शेवटी एक बेरजेची ओळ: कंपनीचा तेरा आकडी क्रमांक, किती माणसं, एकूण किती दिर्हाम. फाइलचं नावसुद्धा मनाने ठेवता येत नाही. त्यात कंपनीचा क्रमांक आणि फाइल बनवल्याची तारीख-वेळ, सेकंदासकट.

मॅडमनी ही माहिती एक्सेलमध्ये भरली होती, पंधरा वर्षं पीएफची फाइल भरतात तशी. एक्सेलला वाटतं की आकड्याच्या पुढचं शून्य बिनकामाचं. कामगार क्रमांक शून्यांनी सुरू होत होते. त्याने ती शून्यं गिळली. चौदाचे अकरा-बारा आकडे उरले. कंपनीचा क्रमांकही तसाच उघडा पडला. पोर्टल इतकंच सांगत होतं: ओळ १, रकाना २, अवैध. ओळ २, रकाना २, अवैध. चौतीस वेळा.

कारण सापडायला पस्तीस मिनिटं गेली. सापडलं तेही योगायोगाने, मॅडमनी एका कार्डाचा फोटो स्क्रीनशेजारी धरला म्हणून. मग रकाने टेक्स्ट करून शून्यं हाताने भरली. एक जण वाचणार, एक जण टाइप करणार, तिसरा तपासणार. साहेब वाचत होते. "शून्य शून्य शून्य सात..." माणूस दोन दिवसांत पहिल्यांदाच शांत वाटला.

बुधवार, संध्याकाळी ६:१५. शिल्लक ७ तास १५ मिनिटं.

फाइल निर्दोष. पोर्टलने हिरवी खूण दिली आणि खाली एक चौकट उघडली: अधिकृत सही करणाऱ्याच्या नोंदणीकृत मोबाइलवर पाठवलेला सहा आकडी क्रमांक टाका.

अधिकृत सही करणारे साहेब. नोंदणीकृत मोबाइल म्हणजे मार्चमध्ये दुबईत घेतलेलं प्रीपेड सिम. सिम साहेबांच्या टेबलाच्या खणात, फोनविना, एप्रिलपासून रिचार्जविना.

फोनमध्ये घातलं. नेटवर्क नाही. ऑनलाइन रिचार्ज केला. नंबर तात्पुरता बंद, चालू करायला एमिरेट्स आयडी घेऊन दुकानात या. आयडी साहेबांच्या पाकिटात होती. पाकीट ठाकुर्लीत होतं.

साडेसहा वाजून गेले. बँकेतला ओळखीचा माणूस घरी गेला.

बुधवार, रात्री ९:४०. शिल्लक ३ तास ५० मिनिटं.

पीआरओने बँकेच्या चोवीस तासांच्या मदत क्रमांकावर साहेबांना जोडलं. आईचं नाव, जन्मतारीख, खातं उघडताना ठेवलेली रक्कम, शेवटचे तीन व्यवहार. चाळीस मिनिटांनी त्यांनी ईमेलवर ओटीपी द्यायचं कबूल केलं. फाइल सही होऊन गेली. पोर्टलवर लिहून आलं: स्वीकारली, पुढील कामकाजाच्या दिवशी प्रक्रिया होईल.

खात्यात पैसे होते, फाइल बरोबर होती, सही झाली होती. पुढचे तीन तास कुणाच्याच हातात काही काम नव्हतं. वडापाव आले.

गुरुवार, १७ ऑगस्ट, पहाटे १:३०. शिल्लक ०.

पीआरओ जागा होता. १:५२ ला त्याने मंत्रालयाच्या पोर्टलचा फोटो पाठवला. आस्थापनेच्या नावापुढे लाल खूण, नवे परमिट स्थगित. बारा अर्ज, स्थिती: थांबवले.

गुरुवार, सकाळी ११:२०

दुबईत ९:५०. पगार जमा झाला, अठ्ठावीस जणांचा खात्यात आणि सहा जणांचा कार्डावर, ७१,४०० दिर्हाम, फिलसपर्यंत बरोबर. यंत्रणेच्या लेखी या कंपनीने दिलेला हा पहिला पगार.

पगार पोचला की स्थगिती उठते, पण क्षणात नाही. कंत्राटदाराने दुपारी बारापर्यंत नावांची यादी मागितली होती. साहेबांनी सोमवारपर्यंत मुदत मागितली. त्या सभ्य अकाउंट्स मॅनेजरचंच उत्तर आलं, त्यात दुसऱ्या एका इन्स्युलेशनवाल्या कंपनीचा उल्लेख होता, आणि शुभेच्छा होत्या.

दुपारी कल्याणहून त्या बारातले दोघे ऑफिसात आले, मेडिकलचे रिपोर्ट घेऊन. एकाने इथली नोकरी जुलैअखेर सोडली होती. साहेबांनी त्याला कारखान्यात घ्यायला सांगितलं, आणि मॅडमनी त्याचा पीएफचा जुना क्रमांक विचारला. नंतर त्यांनी एक्सेल उघडलं, आधी रकाना टेक्स्ट केला, मग टाइप करायला घेतलं.

बँकेचा फोन साडेतीनला लागला. शेअर सर्टिफिकेटची उशिराची फी ७,५०० रुपये.